मामी न म्हणणारी भाची

शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये गुरुनाथ आणि सुवर्णा यांच्या घरी मैत्री नावाची मुलगी राहते, हे तिथल्या मराठी मंडळींना चांगलं ठाऊक होतं. हळदीकुंकवाला घरभर बायकांना तीच करून वाढायची. किती गुणी भाची आहे हो तुमची, असं सगळ्याजणी म्हणत. ही गुणी पोर कधी बसलेली दिसत नाही, कॉलेजात जात नाही, बर्फातसुद्धा पायात सपाता घालून कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढत नेते, याची चौकशी मात्र एकीनेही केली नाही. मी त्या घरी कधी गेले नव्हते. मला तिथे कोण बोलावतंय? हे सगळं मी पुढे मैत्रीच्याच तोंडून ऐकलं.

मैत्री यवतमाळकडची. बाप नाही, आई लोकांकडे स्वयंपाक करते. त्याच ओळखीतून सुवर्णाने तिला अमेरिकेत आणलं. मुलं सांभाळ, आम्ही तुला शिकवू, मुलीसारखी ठेवू. मुलीसारखी ठेवली ती कपडे धुण्याच्या खोलीत, ड्रायरशेजारी गादी टाकून. पासपोर्ट गुरुनाथच्या कपाटात कुलूपबंद. पगाराचं नाव काढलं की सुवर्णा म्हणायची, घरच्या माणसाला कोणी पगार देतं का? आणि बाहेर पाऊल टाकलंस तर पोलीस तुरुंगात घालतील, आई पुन्हा दिसायची नाही. आईशी फोन व्हायचा तोही स्पीकरवर, सुवर्णा समोर बसलेली असताना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. याला गुलामी म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं, ते मला कोणीतरी सांगावं.

अशा घराच्या बेसमेंटमध्ये प्रितम भाड्याने राहायला आला. नागपूरचा, आयटीतला, आमच्या बुद्धविहारात नेमाने येणारा मुलगा. इथल्या घरांत गरम हवेसाठी लोखंडी जाळ्या असतात. वरच्या स्वयंपाकघराच्या जमिनीतली जाळी आणि त्याच्या खोलीच्या छतातली जाळी एकाच नळीवर होती. एका रविवारी सकाळी तो वंदना म्हणताना मध्येच अडखळला आणि वरून, जाळीतून, पुढची ओळ आली. बारीक आवाजात, बरोबर चालीत. दचकून खुर्चीवर चढलो, असं तो सांगतो. कान लावायला चढला, हे मी सांगते.

भाडेकरूशी बोलायची मैत्रीला बंदी होती आणि दारांवर कॅमेरे होते. म्हणून घरचे बाहेर पडले की ती वर फरशी पुसायला बसायची आणि हा खाली खुर्चीवर उभा राहायचा. तिने त्याला आईच्या गोष्टी सांगाव्या, त्याने तिला शिकागोच्या ट्रेनमधून काय काय दिसतं ते सांगावं. तिचा चेहरा नीट न बघताच पोरगा तिच्या प्रेमात पडला. खोटं कशाला बोलू, या वयात मला त्यांचा हेवा वाटला. तिच्या सपाता त्याने खिडकीतून पाहिल्या होत्या, म्हणून बर्फात घालायचे बूट विकत आणले. पण जाळीतून आवाज जातो, बूट जात नाहीत. ते त्याच्या गाडीच्या डिकीत पडून राहिले.

शेवटी न राहवून त्याने पोलिसांना फोन केला, आणि तोही तिला न विचारता. अधिकारी दारात आल्यावर गुरुनाथ हसत म्हणाला, माय नीस. सुवर्णाने मैत्रीच्या खांद्यावर मायेने हात टाकला आणि बोटं रुतवली. फोनवर मिळाला तो दुभाषी हिंदीतला. ठीक आहेस का, असं त्याने विचारलं आणि मैत्रीने भीतीने होकारार्थी मान हलवली. अधिकारी माफी मागून निघून गेला. गुरुनाथने प्रितमला खोली सोडायला सांगितलं. त्याने सामान बांधता बांधता जाळीतून शेवटचं ऐकलं ते सुवर्णाचं बोलणं: शनिवारी मैत्रीला टेक्सासला, भावाकडे पाठवायचं. मग वरून जाळीवर चिकटपट्टी बसली.

शुक्रवारी सकाळी तो माझ्याकडे आला. मी सुजाता, निवृत्त नर्स, विहारात सगळ्यांची मावशी. माझ्या टेबलावर डोकं टेकून तो लहान पोरासारखा रडला.

"मावशी, उद्या ती गेली की संपलं. टेक्सासमधलं गावसुद्धा मला कळणार नाही. आणि हे माझ्यामुळे झालं यार, कॉल मीच केला."

मी त्याला रडू दिलं. मग विचारलं, ती त्यांना हाक काय मारते? काका-काकू, तो म्हणाला. आणि गुरुनाथ काय सांगतो, भाची कोणाची? बहिणीची, असं त्याने प्रितमला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बहिणीची मुलगी मामाला काका म्हणेल? मामीला काकू म्हणेल? काका-काकू तर आपण शेजाऱ्यालाही म्हणतो, वाण्यालाही म्हणतो. इंग्रजीत सगळ्यांनाच अंकल-आंटी आणि सगळ्याच पोरी नीस, त्यामुळे त्यांचं फावलं. दोघं इंग्रजीत खोटं बोलले, पण मराठीत खोटं बोलायला विसरले.

पोलीस ठाण्यात मी हे समजावून सांगितलं तेव्हा तिथली अधिकारी बाई आधी हसलीच. मी तिला म्हटलं, तुझी मुलगी उद्या तुला मॅडम म्हणायला लागली तर? तिने गुपचूप कोट चढवला. मराठी दुभाषी मिळेना म्हणून मलाही बरोबर घेतलं. प्रितमला आम्ही गाडीतच बसायला बजावलं.

दार सुवर्णाने उघडलं. मागे ओट्यापाशी मैत्री उभी होती. पुन्हा माय नीस झालं. मी गुरुनाथला मराठीत विचारलं, भाची कोणाची? बहिणीची, तो म्हणाला. मग मी मैत्रीकडे वळले.

"हे तुझे कोण गं?"

"काका," ती म्हणाली.

सुवर्णा घाईघाईने पुटपुटली, "अगं, मामा म्हण ना."

हे सगळं मी शब्दन् शब्द इंग्रजीत सांगितलं. अधिकारी बाईने दोघांना जागेवर थांबायला सांगितलं आणि मैत्रीला तिची खोली दाखवायला लावली. ड्रायरशेजारची ती गादी बघून तिने दार लोटून घेतलं.

मी मैत्रीला विचारलं, इथून जायचंय का तुला? तुरुंगात कोणी घालणार नाही, हेही सांगितलं. बाहेरून सुवर्णाचा गोड आवाज येत होता, बाळा, ठीक आहेस ना? मैत्रीची मान पुन्हा हलणार असं मला वाटलं. उद्या ही टेक्सासला, की मग हिला कोण शोधणार?

तिने खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"मावशी, माझ्याकडे बूट नाहीत."

मी अधिकारी बाईला इंग्रजीत सांगितलं, ही यायला हो म्हणतेय.

दारातून बाहेर आलो तर प्रितम गाडीत नव्हताच. बूट छातीशी धरून तो बर्फात उभा. अधिकारी बाई थबकली आणि हा तिचा कोण लागतो, असं तिने मला विचारलं. मी तेच मैत्रीला विचारलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. इतके दिवस जाळीतून ऐकलेला माणूस तिला आता अख्खा दिसत होता.

"माझा माणूस आहे," ती म्हणाली.

याला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला सुचेना. राहू दे, कळलं, असं अधिकारी बाईच म्हणाली. मैत्री तिथेच पायरीवर बसली आणि तिने बूट घातले. ते तिला चांगलेच मोठे होत होते.