पांढऱ्या कापडावर

धर्मराजकाकांनी जर्सी सिटीतल्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून सत्तावीस वर्षं काळे मोती निवडले. त्या वेळी दिवा लावलेला त्यांना अजिबात खपायचा नाही. दिवा मोत्याला खोटं बोलायला शिकवतो, म्हणायचे. त्यांना फक्त पांढरं कापड आणि सकाळचा उजेड लागायचा.

मोती पॅसिफिकमधल्या एका एवढ्याशा बेटावरून यायचे. तिथली तेरे नावाची बाई समुद्रात शिंपले वाढवायची. शिंपल्याच्या पोटात ठेवायचे पांढरे मणी काकाच तिला पाठवत. ते इथल्याच टेनेसीच्या नदीतल्या शिंपल्यांपासून घडवलेले असत. शिंपल्यात त्यांच्यावर थर चढत जाई आणि दोन वर्षांनी तेच मणी काळे मोती होऊन परत यायचे. दोघं कधी भेटले नाहीत, पण फोनवर इंग्रजीत बोलतानाही ती त्यांना ‘काका’च म्हणायची. तो शब्द त्यांनीच तिला शिकवलेला.

गेल्या मार्चमध्ये तिचं पार्सल आलं. आत चिठ्ठी होती. ‘काका, पाणी तापलं, शिंपले सगळे मेले. मी ऑकलंडला कामाला जाते आहे. तुमचे उरलेले मणी परत पाठवतेय.’

“ठेवून द्या ते,” मी, त्यांची पुतणी, जरा चिडूनच म्हणाले. “आता काय निवडणार त्यात?”

काकांनी नेहमीसारखं सकाळच्या उजेडात कापड अंथरलं, मणी ओतले आणि खुर्ची पुढे ओढली. पांढऱ्यावर पांढरं. बराच वेळ ते नुसते हाताने चाचपत राहिले.

मग म्हणाले, “उपासना, जरा दिवा लाव गं.”