आमची पूर्ण ऑटोमॅटिक टाकी

माझ्या रेझ्युमेत एकच गोष्ट खोटी होती, आणि ती खोटी आहे हे मी सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं.

ती गोष्ट म्हणजे माझा फायनल इयरचा प्रोजेक्ट. 'पाण्याच्या टाकीसाठी पूर्णपणे स्वयंचलित नियंत्रण प्रणाली'! (नाव जितकं लांब तितके मार्क जास्त, असं आमच्या राऊ गावच्या कॉलेजात सगळेच मानायचे.) आमच्याकडे छत्रीबाग मोहल्ल्यात नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं. नळ आले की खालचा हौद भरायचा, मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचं आणि टाकी वाहायच्या आत मोटर बंद करायची. यातलं शेवटचं काम आमच्या घरात कधीच कोणाला वेळेवर जमलं नव्हतं. टाकी वाहिली की पाणी थेट शेजारच्या तिवारी आंटींच्या वाळत घातलेल्या पापडांवर, आणि मग भिंतीपलीकडून आवाज यायचा, "ओ भाभीजी! तुमारी टंकी फिर से बे रई हे!"

म्हणून मी यंत्र बनवलं. टाकीत सेन्सर, टाकीलगतच्या भिंतीवर पांढरा डबा, डब्यात सर्किट आणि वर हिरवा दिवा. टाकी रिकामी झाली की मोटर आपोआप सुरू, भरली की आपोआप बंद. बाबा तर डब्यावरच नारळ फोडणार होते, मी हातापाया पडून तो खालच्या पायरीवर फोडायला लावला. विनूकाकानं चौकात जाऊन जाहीर केलं, "भिया, आपली पोरगी सायंटिस्ट झाली! आता टंकी आपल्या अक्कलेनं भरते!"

तेव्हापासून आंटींची एकही तक्रार नाही, टाकी कायम भरलेली, हिरवा दिवा अखंड लागलेला. नळ यायच्या वेळेला मी कॉलेजच्या बसमध्ये, नाहीतर सुट्टीच्या दिवशी अंथरुणात पेंगत असायची, त्यामुळे यंत्र प्रत्यक्ष चालताना बघायची वेळ काही आली नाही. पण चालतंय म्हटल्यावर बघायचं काय? मी रेझ्युमेत ठोकून दिलं : 'घरी अनेक महिने अखंड सुरू. मानवी हस्तक्षेप शून्य.'

आता नोकरीचं सांगते. कॅम्पसला माझ्या सगळ्या मैत्रिणी लागल्या, मी उरले. तुकोगंजला बाबांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर जागा रिकामी होती, आणि ती रिकामी असल्याचं बाबा हल्ली जेवताना अगदी सहज सांगायला लागले होते. ("काम हलकं आहे. एसी आहे. पंखासुद्धा आहे.") मला रिसेप्शनवर बसायचं नव्हतं. मला यंत्रं बनवायची होती. आणि अशात एका ऑटोमेशन कंपनीचा फोन आला. व्हिडिओवर मुलाखत, सोमवारी सकाळी. यानंतर माझ्या हातात दुसरी कंपनी नव्हती.

सोमवार हा नळाचा दिवस होता, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मी बैठकीत लॅपटॉप मांडला. कमरेच्या वर फॉर्मल शर्ट, खाली घरचा पायजमा. सगळ्यांना ताकीद दिली, "प्लीज, एक घंटा कोणी आवाज नका करू. माझ्या लाइफचा सवाल आहे."

"बिल्कुल नाही," काका म्हणाला. "आम्ही घरात आहोत हेच समजू नको."

स्क्रीनवर बर्वे मॅडम आल्या. चष्मा, करडे केस, चेहऱ्यावर हसू नाही. सगळं इंग्रजीत चाललं होतं. दोन-चार प्रश्नांना मी बऱ्यापैकी अडखळले. मग त्यांची नजर प्रोजेक्टवर गेली आणि पहिल्यांदा भुवई वर गेली.

"हे खरंच तुमच्या घरी चालू आहे?"

"येस मॅम! रनिंग परफेक्टली!"

"मग लाइव्ह दाखवू शकाल?"

"शुअर मॅम!" मी म्हटलं, आणि पडद्यामागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. (ते बाबा होते.)

लॅपटॉप उचलून मी जिन्याकडे निघाले तर बाबा आडवे आले. चेहरा पांढराफटक. "अगं, गच्चीवर नेटवर्क नसतं," ते कुजबुजले.

"असतं बाबा, फुल असतं. सरका ना!"

"ऊन आहे. चक्कर येईल."

"बाबा!"

ते सरकले, पण असे सरकले की थेट मोटरच्या स्विचकडे. काका जिन्यात मधल्या पायरीवर उभा राहिला, उगाचच. आई तर माझ्याआधी गच्चीवर पोचली होती आणि वाळत घातलेल्या चादरीमागे अदृश्य झाली होती. तिची चप्पल तेवढी दिसत होती. मला वाटलं, मुलीची मुलाखत बघायची हौस असेल. माझा ऊर भरून आला!

मी कॅमेरा टाकीकडे धरला आणि टाकीखालचा नळ सोडला. "मॅम, आता पातळी खाली गेली की दोन सेकंदांत मोटर आपोआप सुरू होईल."

दोन सेकंद गेले. दहा गेले. चादरीतून हळूच आवाज आला, "सुरू!"

जिन्यातून, "दादा, सुरू!"

तळमजल्यावरून, "हौ, केली!"

आणि मोटर घरघरली. "पाहिलंत मॅम?" मी म्हटलं. "थोडा प्रोसेसिंग टाइम लागतो." (ते आवाज कशाचे, हे मला अजूनही कळलेलं नव्हतं! इलेक्ट्रॉनिक्समध्ये फर्स्ट क्लास आहे माझा.)

"मागे कोणी बोललं का?" मॅडमनी विचारलं.

"शेजारी मॅम. जुना मोहल्ला आहे."

मी नळ बंद केला. टाकी जवळजवळ भरलेलीच होती. मी ऐटीत सांगत होते की आता पाणी सेन्सरला लागेल, तो संदेश पाठवेल, मोटर थांबेल. एवढ्यात काकाचा मोबाइल वाजला आणि तो "बोलो भिया!" म्हणत जिना उतरून बाहेर ओट्यावर निघून गेला.

पाणी झाकणापाशी आलं. चादरीतून आवाज आला, "बंद!" उत्तर नाही. "अहो, बंद!" उत्तर नाही. मोटर चालूच. मग चादर बाजूला सारून आई आख्खी कॅमेऱ्यात आली, कठड्यावरून निम्मी खाली वाकली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "अहोऽऽ! टाकी भरलीऽऽ! बंद कराऽऽ!"

टाकी धो धो वाहायला लागली. माझा पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. भिंतीपलीकडून ताबडतोब, "ओ भाभीजी! आज तो छोरी घर पे हे, फिर बी बे रई हे?"

"फिर बी म्हणजे?" मी आईकडे बघितलं. आई झाडाच्या कुंडीकडे बघायला लागली.

माझी अजूनही यंत्रावर श्रद्धा होती. म्हटलं, वायर निघाली असेल. कॅमेरा चालू ठेवूनच मी पांढरा डबा उघडला. आत माझ्या सर्किटवर हळदीकुंकू होतं. अक्षता होत्या. काहीतरी वाळून घट्ट पिवळट झालेलं होतं, त्यात एक तुळशीचं पान चिकटलेलं होतं. आणि तो अखंड तेवणारा हिरवा दिवा म्हणजे दिवाळीच्या माळेतला एक बल्ब होता, सेलला जोडून चिकटपट्टीनं लावलेला.

स्क्रीनवर एक चष्मा अगदी जवळ आला. मग बर्वे मॅडम स्वच्छ मराठीत म्हणाल्या, "ते पंचामृत आहे का?"

आईनंच पदर सावरून लॅपटॉपला नमस्कार केला. "हो हो. दसऱ्याचं. आमचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते ना, आमच्याकडे तलवारीची पूजा असते. ह्या वेळी म्हटलं, पोरीचं यंत्र पण शस्त्रच आहे. तलवारीला घातलं तसं ह्याला पण एक पळी घातलं."

"एक नाही, तीन," बाबा मोटर बंद करून धापा टाकत वर येत म्हणाले.

"मग?" मॅडम.

"मग थोडा धूर निघाला," आई म्हणाली. "आम्हाला वाटलं उदबत्तीचा आहे."

"आणि तेव्हापासून तुम्ही तिघं रोज..."

"रोज नाही जी," फोन संपवून वर आलेला काका मागून म्हणाला. "दिवसाआड. नळच दिवसाआड येतात."

"पण हिला सांगितलं का नाही?"

बाबा ओल्या गच्चीवर अपराध्यासारखे उभे होते. "कसं सांगणार, मॅडम? पोरगी येता-जाता त्या हिरव्या दिव्याकडे बघून हसायची."

आता मला रडू यायला लागलं. नोकरी गेल्याचं येत होतं की या तीन वेड्या माणसांचं, ते मला कळेना. महिनोन् महिने, थंडीत सुद्धा, आई टाकीशी, काका जिन्यात आणि बाबा स्विचपाशी उभे राहिले होते, मला वाईट वाटू नये म्हणून! मी नाक पुसलं आणि म्हटलं, "सॉरी मॅम. रेझ्युमेत मानवी हस्तक्षेप शून्य लिहिलंय ते खोडते. तीन लिहिते. आणि डबा वॉटरप्रूफ करायला हवा होता, ती माझी चूक आहे. पाण्याजवळच्या यंत्रावर पाणी पडणारच."

मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. हसत होत्या की काय, नीट दिसलं नाही. कॉल संपला.

त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखं जेवण झालं. बाबांनी तुकोगंजच्या डॉक्टरांचं नाव काढलं नाही, यावरून परिस्थिती किती गंभीर होती ते कळावं. संध्याकाळच्या पोह्यांवर शेव घालायचीसुद्धा कोणी हिंमत केली नाही.

शुक्रवारी मेल आला. मी सिलेक्ट झाले होते! खाली बर्वे मॅडमची एक ओळ होती : पाण्याजवळच्या यंत्रावर पाणी पडणारच, हे आमच्याकडे येणाऱ्या उमेदवारांना सहसा सुचत नाही. काकानं चौकात जलेबी वाटली. आईनं मेल उघडलेल्या लॅपटॉपला ओवाळायला घेतलं, तेव्हा आम्ही तिघांनी मिळून तिच्या हातातली पळी काढून घेतली.

पहिल्या दिवशी नवा सूट घालून कंपनीत गेले. मला टेस्टिंगला दिलं होतं. सीनियरनी मला एका भल्यामोठ्या टाकीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "नवीन सेन्सर आहे, याच्यावर अजून भरवसा नाही. तू पाण्याकडे बघत राहा. लाल खुणेपर्यंत आलं की जोरात ओरड, मी तिकडून स्विच बंद करतो."

चार वर्षं इंजिनियरिंग करून मी आईच्या पोस्टवर रुजू झाले होते. आणि तेही जमलं नाही! मी ओरडले, सीनियरना ऐकू गेलं नाही, आणि टाकी वाहून त्यांचे बूट भिजले.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा आईनं मान हलवली. "गळ्यातून ओरडली असशील. पोटातून ओरडायचं असतं."

सध्या नळाच्या दिवशी ऑफिसला जायच्या आधी मी गच्चीवर आईच्या हाताखाली ट्रेनिंग घेते आहे.