मूठभर कोंड्याला विकलेली लेक

माझी मुलगी जिवंत आहे ती शेजारच्या ताईंमुळं. हे आधी लिहून टाकते. बाकीचं सांगताना माझा हात थांबतो, कधी अर्ध्यावर सोडून उठावं लागतं, आणि मग मुख्य गोष्टच राहून जाते. ताई कोल्हापूरच्या, उद्यमनगरच्या मागच्या चाळीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहायच्या. वयानं माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. बौद्धांचं घर. देव्हारा नाही, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि खाली स्टोव्ह.

मी मराठवाड्यातली. सातवीत शाळा सुटली, पुढं लग्न. ह्यांना फौंड्रीत काम लागलं म्हणून आम्ही कोल्हापूरला आलो. आलो म्हणजे खरं तर गावातून निघालोच. तिथं राहवत नव्हतं. माझी पहिली मुलगी तिथं गेली होती.

ती गेली तेही सांगते. तिनं चौथ्या दिवशी दूध ओढणं सोडलं. मी म्हणाले, "लेकरू पीत नाही." सासूबाई म्हणाल्या, "पाचवी होऊ दे. सटवाई येऊन कपाळावर लिहून जाईपर्यंत बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो." खोली बंद, खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी. पाचवीची पूजा मांडली. पाटा, वरवंटा, कोरा कागद, लेखणी. पूजा झाली तेव्हा लेकरू रडायचं थांबलेलं होतं. सगळ्यांना वाटलं झोपलं. कुठं पुरलं ते मला कुणी सांगितलं नाही. बायकांनी तिथं जायचं नसतं.

तेव्हापासून मला रडणाऱ्या लेकराची भीती वाटत नाही. गप्प लेकराची वाटते. कोल्हापुरात दुपारी कारखान्यांच्या मशिनी थांबल्या की चाळीत एक शांतता पसरायची. त्या शांततेत मला ती गेलेली लेक खोलीत असल्यासारखी वाटायची. कोपऱ्यात, गुंडाळलेली, न हलणारी. मी मुद्दाम भांडी वाजवायची. ताई भिंतीपलीकडून ओरडायच्या, "अगं ए, भांडी घासतीयास का फोडतीयास?" त्यांच्या आवाजानं ती निघून जायची. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

तिथल्या बायका 'मी येतो, मी जातो' असं बाप्यांसारखं बोलतात. आधी मला हसू यायचं. नंतर त्यातला ठसका मला आधार वाटायला लागला.

दुसऱ्यांदा दिवस गेले. माहेरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून सासूबाई गावाहून आल्या. आल्या त्या दिवशी ताईंनी चहा आणला. सासूबाईंनी कप घेतला, खाली ठेवला, आणि साय धरून गार होईस्तोवर तो तसाच राहिला. ताईंनी कप उचलला. पुन्हा आणला नाही.

बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. मुलगी. बारीक, पण रडली. सिस्टर बजावून म्हणाली, अंगावर लावत राहा, दूध ओढेना झाली तर लगेच घेऊन या. घरी आल्यावर मात्र सासूबाईंनी पहिला चीक पिळून टाकायला लावला आणि पोरीला बोळ्यानं गूळपाणी दिलं. ताई दारात उभ्या होत्या. "आज्जी, म्हशीचा चीक मिळाला तर वड्या करून गल्लीत वाटतासा. आन् ह्या पोरीला तिच्या आईचा न्हाय व्हय?" सासूबाईंनी तोंड फिरवलं.

त्याच दिवशी सासूबाईंनी ती गोष्ट काढली. आमच्याकडं ज्या बाईचं एक मूल गेलंय तिनं दुसरं विकायचं असतं. मूठभर कोंड्याला, परक्या बाईला. मग सटवाईला वाटतं हे लेकरू ह्या घरचं नाही, आणि ती मागं लागत नाही. त्यानंतर आईनं त्याला आपलं म्हणायचं नाही. सोडवून घेईपर्यंत तोंडातून 'माझं' हा शब्द काढायचा नाही. विकत घेणारी बाई जितकी परकी तितकी बरी.

म्हणून सासूबाई स्वतः ताईंच्या दारात गेल्या. मी आतून ऐकत होते.

"बाई, एक काम होतं तुमच्याकडं."

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या हातचा च्या चालत न्हाय तुमास्नी, आन् पोरगी टाकताय माझ्या पदरात? बरं हाय की!"

 ताईंनी आमच्या उघड्या दारातून आत माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही. त्या आपल्या घरात गेल्या, डब्यातला कोंडा मुठीत घेऊन आल्या, सासूबाईंच्या पदरात टाकला आणि आमच्या खोलीत येऊन पोरगी उचलली. "आमच्यात असलं काय नसतंय," म्हणाल्या, "पण ह्या बाळंतिणीला झोप लागंल तर घेतली म्हणा." मुका घेतला आणि पोरगी परत माझ्या कुशीत ठेवली. "सांभाळायला ठेवतो गं माझी लेक."

मला खरंच झोप लागली. गावाकडून आल्यापासूनची पहिली गाढ झोप.

चौथ्या दिवशी सकाळी पोरीनं ओढणं सोडलं. तोंडात दिलं की ओठ तसेच राहायचे. पाय गार. शेगडी पेटलेली, धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि तिचे पाय गार. ती रडत नव्हती. मला कळलं की कोपऱ्यातली उठून खाटेवर आलीय.

"लेकरू पीत नाही," मी म्हणाले. तेच शब्द, तोच आवाज.

सासूबाईंनी शेगडी आणखी जवळ सारली. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी पहिलीलाही न्हाऊ घातलं होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या पाचवी आहे. उद्याचा दिवस जाऊ दे."

हे फौंड्रीत गेले होते. मी भिंतीवर थाप मारली. एवढंच सुचलं.

ताई आल्या, पोरीच्या पोटाला हात लावला, आणि सासूबाईंकडं वळल्या.

"आज्जी, ही पोरगी कुणाची?"

"कामून विचारता, बाई? तुम्हीच घेतली की."

"मग झालं तर. पाचवी तुमच्या नातीची असती. माझ्या लेकीची पाचवी-बिचवी न्हाय. मी माझ्या लेकीला दवाखान्यात नेतो."

 सासूबाई काय म्हणणार? 'ती आमची आहे' म्हटलं असतं तर सटवाईनं ऐकलं असतं. त्यांच्याच कोंड्यानं त्यांची जीभ बांधली होती. त्यांनी फक्त माझ्याकडं बोट केलं. "ही मात्र उंबरा ओलांडणार नाही."

"वा! आन् दूध कोण पाजणार, तुमी? माझ्या लेकीला दूधवाली लागतीया. हिला बी नेतो. चल गं."

मी उंबरा ओलांडला. पाय टाकताना पाठीमागून कुणी पदर धरेल असं वाटलं. कुणी धरला नाही.

ताईंनी पोरीचे ओले फडके काढले, तिला उघडी करून आपल्या पोलक्याच्या आत, छातीला लावून धरली आणि वरून शाल घेतली. "माझी पोरगी बी जल्मल्यावर अशीच गार पडलेली, तवा सिस्टरनं असंच धरायला लावलंतं," म्हणाल्या. रिक्षावाल्याला म्हणाल्या, "पावणं, पळवा, पण खड्ड्यातनं घालू नगा." वाटभर त्या पोरीशी बोलत होत्या. शिव्याच देत होत्या म्हणा ना. "ए भवाने, फुकट न्हाय घेतली तुला. कोंडा गेलाय माझा. हल की जरा." मी रस्त्याकडं बघत होते. शालीकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

दवाखान्यात सिस्टरनं विचारलं, "आई कोण हिची?"

मी ताईंकडं बघितलं. 'मी' म्हटलं तर सटवाई ऐकेल. ताईंनी मला चिमटा काढला. "बोल की. हितं आत यायला पास लागतोय. सटवाईला कोण देतंय पास?"

"मी," मी म्हणाले.

पोरीला काचेच्या पेटीत ठेवलं, सुया टोचल्या. डॉक्टर म्हणाले, अंगात जंतू गेलेत, आणखी एक दिवस थांबला असतात तर कठीण होतं. मला वाटीत दूध पिळायला लावलं आणि सिस्टर ते चमच्यानं थेंब थेंब पाजायची. ताई डबा घेऊन यायच्या, बाकड्यावर बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडायच्या. किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. मोजायची भीती वाटायची. मग एकदा सिस्टरनं पोरीला माझ्या अंगावर लावलं आणि तिनं इतकं जोरात ओढलं की मी ओरडले. ताई बाहेरून म्हणाल्या, "वरडू दे. आता वरडू दे."

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, लेकरू सोडवून घ्यायला पाहिजे, काय द्यायचं सांगा. ताई पोरगी मांडीवर घेऊन आपल्या दारात बसल्या होत्या. "काय नगं. आत या, बसा, कपभर च्या घ्या. लगीच देतो."

सासूबाई उंबऱ्यापर्यंत गेल्या. चौकटीला धरून उभ्या राहिल्या. आत स्टोव्हवर चहा उकळत होता. त्या तिथूनच माघारी आल्या.

ताई हसल्या, पण डोळे हसले नाहीत. उठून आल्या आणि पोरगी माझ्या हातात दिली. "घे. फुकट नेलीस बघ."

चहा मी प्यायले, त्यांच्या स्टोव्हजवळ बसून. पण तो माझा चहा झाला, सोडवणुकीचा नाही. सासूबाई जिवंत होत्या तोवर पोरीला 'त्या बाईची लेक' म्हणत राहिल्या, आणि मला ते कधी खोटं वाटलं नाही.

पुढं फौंड्री बंद पडली. आम्ही पुण्याच्या बाजूला, चाकणला आलो. आता हीच माती, हीच भाड्याची खोली, कोल्हापूर लांब आणि गाव त्याहून लांब. पोरगी मोठी झालीय, रात्रंदिवस बडबड करते. तरी ती गाढ झोपली की मी तिच्या नाकाशी उलटा हात धरून बघते. शेजारी बायका विचारतात, लेकरं किती? मी 'एक' म्हणते, आणि तसं म्हटलं की कोपऱ्यात कुणीतरी मान वळवतं. ती गेलेली नाही. नुसती गप्प बसून असते.

ताईंची लेक, जी गार पडली होती आणि वाचली, ती आता कॉलेजात जाते. ताईंचे गुडघे गेलेत. फोनवर मी म्हणाले, "ताई, तुमच्या लेकीला दिवस राहतील तेव्हा मी येऊन राहणार. पहिल्या दुधापासून सगळं मी बघणार."

"आधी तिचं लगीन तर होऊ दे गं," त्या म्हणाल्या.

होईल. माझी बस तेव्हा कुठूनही निघेल. त्या पोरीच्या उशाशी मी बसेन, तिचं लेकरू नीट ओढायला लागेपर्यंत डोळा लावणार नाही, आणि ताईंना म्हणेन, तुम्ही झोपा आता.