वाऱ्याला घाबरणारी आर्किटेक्ट

शैलाताईंनी मुलाखतीत मला एकच प्रश्न विचारला, "तुला कशाकशाची भीती वाटते?"

आगाशीच्या बाजारात एका किराणा दुकानाच्या वर त्यांचं ऑफिस होतं. मी नुकतीच आर्किटेक्ट झाले होते आणि ड्रॉइंगची गुंडाळी छातीशी धरून त्यांच्यासमोर बसले होते. पाठ करून आणलेली सगळी उत्तरं विसरले. म्हटलं, "लिफ्टची. कुत्र्यांची. आणि पावसात आमच्या फुलपाड्याच्या गल्लीत पाणी भरतं, त्याची." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "उद्यापासून ये. जिला कशाचीच भीती वाटत नाही, तिनं घरं बांधू नयेत. आत माणसं झोपतात ना गं!"

त्या स्वतः भयंकर भित्र्या होत्या. विजा चमकायला लागल्या की कम्प्युटरची पिन काढून, पाय खुर्चीवर घेऊन बसायच्या. सोसाट्याचा वारा सुटला की बोलताबोलता गप्प व्हायच्या. पण सगळ्यात मोठी धास्ती होती ती पडलेल्या वाऱ्याची. त्यांचे वडील विरारच्या एका फ्लॅटमध्ये राहायचे. बाल्कनीला काचा लावून ती खोलीत घेतलेली, पंख्याशिवाय पान हलणार नाही अशी जागा. ऑक्टोबरातल्या एका दुपारी वीज गेली. वडील झोपले होते, ते उठलेच नाहीत. "अंग घामानं निथळत होतं," ताई एकदाच मला म्हणाल्या. "घाम येऊन काय उपयोग? तो सुकायला वारा लागतो. आपल्या हवेत आधीच पाणी भरलेलं. बंद खोलीत माणूस उकडून निघतो, आणि त्याला कळतही नाही."

त्यानंतर त्यांनी एकही घर बंद बांधलं नाही. उंच जोतं, बाहेर लांब आलेलं छप्पर, समोरासमोर खिडक्या, भिंतीच्या माथ्याशी गरम हवा निघून जायला झडपा. पश्चिमेला न्हाणीघर आणि अडगळीची खोली, म्हणजे दुपारचं ऊन त्यांनी सोसावं, माणसांनी नाही. कोणी जाड भिंतींचा आग्रह धरला की त्या म्हणायच्या, "इथे भिंत जाड नको, सावली जाड हवी." कोणी एकच मोठी खिडकी मागितली की हसायच्या. "वाऱ्याला जायची वाट नसेल तर तो यायचाही नाही. पाहुण्यासारखं आहे त्याचं, आधी दार बघतो."

निर्मळ गावाच्या पुढे, खाडीकडच्या अंगाला हिराबायचं घर त्यांनी असंच बांधलं. हिराबायच्या मुलाला, दिनेशला, स्लॅबचं काचा लावलेलं घर आणि प्रत्येक खोलीत एसी हवा होता. ताईंनी त्याला महिनाभर समजावलं आणि कौलांवर राजी केलं. त्या घराचा नकाशा मी काढला. ओटीचं छप्पर मुख्य छपराला जोडलेलं नव्हतं, वेगळ्या खांबांवर सुटं उभं होतं. मला वाटलं चूक झाली. ताई म्हणाल्या, "पुढे लांब आलेल्या छपराखाली वारा शिरतो आणि त्याला वर उचलतो. तुटायचंच झालं तर कुठून तुटावं, हे आपण आधी ठरवून ठेवायचं."

पुढच्याच मे महिन्यात वादळाचा इशारा आला. सकाळी त्यांचा फोन. "मी हिराबायकडे चाललेय. तू घरीच थांब."

"ताई, अशा हवेत?"

"दिनेश कामावर अडकलाय. घरात हिराबाय, सून आणि तान्हं बाळ. त्यांना स्लॅब हवा होता गं. मी कौलं घालायला लावली."

मी घरी थांबले नाही. स्कूटरवरून निघाले, तेव्हा केळी नुसत्या डोलत होत्या. पोचले तोवर आडव्या व्हायला लागल्या होत्या.

ताई माजघरात भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. खिडक्यांना अडसर घातलेले, वीज गेलेली, आणि बाहेर कोणीतरी अखंड कण्हत असल्यासारखा आवाज. सून बाळाला पोटाशी धरून कोपऱ्यात बसली होती. हिराबायनं ताईंच्या समोर येऊन विचारलं, "म्याडम, छप्पर ऱ्हानार ना?"

मी ताईंकडे पाहिलं. 'हो' म्हणा, एवढंच मनात म्हणत होते.

"माहीत नाही, हिराबाय," ताई म्हणाल्या. "म्हणून तर आले."

हिराबाय ताईंच्या शेजारी टेकून बसली.

मग वाऱ्याची दिशा फिरली. खाडीवरून आलेला एकेक झोत दारावर धडकायला लागला. ओटीवर काहीतरी करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं. ताईंनी माझं मनगट धरलं, त्यांची नखं रुतत होती. वर कौलं खडखडत होती, जणू कोणी त्यांच्यावरून धावतंय. आणि एकदम मोठा चरचराट झाला. दाराच्या फटीतून आतापर्यंत अंधार दिसत होता, तिथे करडा उजेड दिसला. ओटीचं छप्पर गेलं होतं. बाळ किंचाळायला लागलं. सून ओरडली, "आता हे बी जाईल!"

ताईंचे डोळे वरच्या वाशांवर खिळले होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता. दोनचार कौलं घसरली, पाण्याची धार सरळ जमिनीवर आली. मी बाळावर चादर धरली. वासे हलले. पुन्हा हलले. पण जागचे सुटले नाहीत.

वारा उतरला तेव्हा दुपार कलली होती. आम्ही दार उघडलं. ओटीचे वासे समोरच्या वाडीत, आडव्या झालेल्या केळींवर पडले होते. बाकी घर उभं होतं. ताई जोत्याच्या कडेला गेल्या आणि भडाभडा ओकल्या. हिराबायनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "म्याडम, तुमी तर आमच्यापेक्षा जास्त भ्याल्या."

"तुम्ही माझ्या भरवशावर बसला होतात," ताई तोंड पुसत म्हणाल्या. "मी कोणाच्या भरवशावर बसू?"

महिन्याभरात ओटी पुन्हा उभी राहिली, छप्पर तसंच सुटं. ताईंचं कौतुक करायला गावातली माणसं आली, तेव्हा त्या कोणाशी धड बोलल्या नाहीत. पण त्यानंतर दर पावसाळ्याआधी आपण बांधलेल्या प्रत्येक घरी त्या जायच्या. शिडीवर चढायची भीती वाटायची, तरी चढायच्या. वाशांचे बोल्ट स्वतःच्या हातानं पिळून बघायच्या.

गेल्या वर्षी त्या हृदयविकारानं गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी मी त्यांना भेटायला गेले होते. आगाशीजवळ माझं स्वतःचं पहिलं घर उभं राहत होतं. ताई उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज खोल गेला होता.

"छप्पर चढलं?"

"परवाच."

"झोप लागते?"

खोटं बोलावंसं वाटलं. "नाही, ताई. काल रात्री दोनदा उठून नकाशा तपासला. आता त्यात माणसं राहायला येतील."

त्यांनी डोळे मिटले. चेहऱ्यावर किती दिवसांनी स्वस्थपणा दिसला.

"मग जा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे काय बसलीस? जाऊन एकदा बघून ये."