मृताचे नाव

जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या खोलीत शिरण्याआधी ते चपला दाराबाहेर काढायचे. कचेरीत चपला काढून जाणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? मीही पाहिला नव्हता, आणि माझी तर हयात त्या आवारात टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिण्यात गेली. एकदा विचारलं, तर म्हणाले, "आत माहे मायबाप हायेत ना, भाऊ."

ते आमच्या गावचे पिठगिरणीवाले. भुवया कायम पांढऱ्या. पिठाने की वयाने, कळायचं नाही. आपण दत्तक आहोत हे त्यांना पन्नाशीनंतर कळलं. म्हातारी आई जाता जाता सांगून गेली. जन्म देणारे अल्लीपूरकडून इथे कापूस वेचायला आले होते. हगवणीच्या साथीत एकाच आठवड्यात दोघंही गेले. नावं म्हातारीलाही आठवत नव्हती. गिरणीवाले अल्लीपूरला जाऊन घरोघरी विचारून आले. कोणालाच माहीत नव्हतं.

अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. "घागर तं भरतो भाऊ, पन नाव कोनाचं घेऊ?" एवढ्यासाठी त्यांना ती दोन नावं हवी होती. जमीन नको होती, घर नको होतं.

आणि अर्जातला पहिलाच रकाना कोणता? 'मृताचे नाव'. तो रिकामा, म्हणून अर्ज परत.

"नाव माईत असतं तं आलो कायले असतो?" ते कारकुनाला शांतपणे विचारायचे. भडकायचो मी. साल सांगितलं, वस्ती सांगितली, एकाच आठवड्यात गेलेलं नवरा-बायकोचं जोडपं सांगितलं. पानं उलटायला अर्धा तास पुरला असता. खुर्चीवरचे कारकून बदलले, उत्तर तेच राहिलं. "नावाशिवाय सिस्टीम पुढं जात नाई, बाबाजी." अरे, ते रजिस्टर सिस्टीमच्या जन्माआधीचं, तुझ्या पाठीमागच्या लोखंडी कपाटात पडलंय! मागे वळायला काय होतं? चहाला दिवसातून चारदा उठता येतं की नाही?

एकदा वैतागून मीच म्हटलं, "टाकून देऊ ना एखादं नाव."

तेवढ्याच एका वेळी ते माझ्यावर चिडले. "म्हंजे कोनाच्याही मायबापाले पानी पाजू काय मी?"

मला फार लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलावर ज्वारीच्या पिठाची पिशवी ठेवून गेले.

यंदा अक्षय तृतीयेच्या आधीच ते गेले. नोंदीचा अर्ज लिहायला त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. 'मृताचे नाव' मी ठळक अक्षरात लिहिलं. आईवडिलांच्या रकान्यात त्यांना दत्तक घेणाऱ्या जोडप्याची नावं घातली. वाढवलं त्यांनीच, त्यात खोटं काही नव्हतं. कारकुनाने अर्ज वरखाली पाहिला आणि शिक्का मारला. "एकदम बरोबर हाये."

त्यांच्यासाठी लिहिलेला माझा हा पहिलाच अर्ज, जो परत आला नाही. टेबल उलथून टाकावंसं वाटलं.

दाखला घ्यायला मुलासोबत मीही गेलो. दाराशी थांबलो.

"काका, चपला काऊन काढून राह्यले?" कारकुनाने हसत विचारलं.

"आता आत तिघं हायेत," मी म्हणालो.