विहीणबाईंसाठी उघडा ठेवलेला स्लॅब

आमचा मामा गवंडी. पण नुसतं गवंडी म्हटलेलं त्याला खपायचं नाही. रस्त्याने जाताना कुणाचा ओला स्लॅब उन्हात दिसला, की परक्या दारात उभा राहून हा ओरडणार, "अहो, त्याच्या अंगावर काहीतरी घाला! नुकतं जन्मलेलं पोर असं उघडं टाकतात का?" एकदा लग्नाच्या पंगतीतून खरकट्या हातानेच उठला, कारण शेजारच्या बांधकामावर पाणी मारलेलं दिसत नव्हतं. मामी म्हणाली, "आपल्या लग्नात माझ्याकडे एवढं बघितलं असतं तर!"

त्याचं म्हणणं साधं होतं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं. वरचं पाणी वाऱ्याने पळालं, की वरचा थर आक्रसतो, खालचा जागचा हलत नाही, आणि मग वरची कातडी फाटते.

असा हा ज्ञानी पुरुष लेकीच्या सासरी नव्या खोलीचा स्लॅब टाकायला गेला. विहीणबाईंनी आधीच टोमणा मारून ठेवला होता, "व्याही, घरचं काम म्हणून उरकू नका हो." मामाला तो झोंबला. त्याने स्वतः ओलं काँक्रीट सपाट करायचा लाकडी रंधा फिरवला, मग थापी, मग पुन्हा थापी. स्लॅब असा गुळगुळीत झाला की माशीचा पाय घसरावा. ऊन रणरणत होतं, वारा सुटला होता. मजूर ओली गोणपाटं घेऊन वर आले.

"थांबा जरा," मामा म्हणाला. "विहीणबाई बाहेरून येतायत. त्यांना एकदा ही चकाकी बघू दे."

"मिस्त्री, वारा लई सुटलाय."

"मला शिकवतोस?"

विहीणबाईंना यायला उशीर झाला. आल्या त्या जिन्याच्या टोकावरूनच "छान, छान" म्हणून चहाला खाली गेल्या. मामा खुशीत मागे वळला, तर स्लॅबवर भेगांचं बारीक जाळं. थापीने मिटवू म्हटलं, तर वरचा थर कडक झालेला. पोराचे प्रताप पदराखाली घालणाऱ्या आईसारखं त्याने घाईघाईने सगळीकडे गोणपाट पसरलं, कडासुद्धा नीट खोचल्या. खाली येऊन लेकीला म्हणाला, "पाणी तुझ्यावर सोपवलंय हं. गोणपाट सुकता कामा नये."

लेकीने ते सुकू दिलं नाही. बादल्या वाहून तळहाताला घट्टे पडले, पण बापाचा शब्द म्हणजे शब्द.

गोणपाटं निघाली त्या दिवशी विहीणबाई चष्मा लावून वर आल्या. वाकून पाहिलं. "सूनबाई, हे काय गं? बाप जन्मभर पाणी पाणी करत फिरला आणि तुला चार बादल्या जड झाल्या?"

लेकीने बापाकडे पाहिलं. बाप गोणपाटांच्या घड्या घालत होता. गोणपाटाच्या घड्या कुणी घालतं का? मामा घालत होता. अगदी ठेवणीतल्या शालूसारख्या.

घरी त्याला जेवण जाईना. मामी हसून म्हणाली, "कुणी पाणी मारलं नाही वाटतं?" एरवी असल्या थट्टेवर मामा खदखदून हसायचा. त्या दिवशी ताटावरून उठला.

सकाळी तो चालतच लेकीच्या घरी पोचला. विहीणबाई दारातच भेटल्या. आत जाऊन बसायचा मामाला धीर झाला नाही. "विहीणबाई, पोरीने पाणी चोख मारलं. चूक माझी. तुम्हाला चकाकी दाखवायची म्हणून मी स्लॅब उन्हात उघडा ठेवला. त्याच दिवशी भेगा पडल्या होत्या. मी त्या झाकल्या."

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, पण त्या दिवशी माझ्याकडे चष्मा कुठे होता? मला काहीच दिसलं नव्हतं. तुमचं मन राखायला म्हटलं छान!" मग आत वळून म्हणाल्या, "सूनबाई, काल उगीच बोलले गं तुला."

मामा छिन्नी घेऊन स्लॅबवर गेला. भेगा रुंद करून त्यात सिमेंटचा मसाला भरायचा होता. लेक पाण्याची बादली घेऊन वर आली, ती त्याच्याशेजारी ठेवली.

"बाबा, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. रात्रभर आठवत होते, कुठला कोपरा राहिला." मग तिने विचारलं, "काल का नाही बोललात?"

मामाने छिन्नी भेगेवर टेकवली. हातोडा मात्र उचलला गेला नाही.

"तुझ्या सासूसमोर माझी लाज गेली असती," तो म्हणाला.

"मग माझी गेली," लेक म्हणाली आणि खाली निघून गेली.