दुभाषी दीदी

मले त्या गोऱ्या पोरींचा राग यायचा, अगदी मनापासून. तोंडावर मात्र "वेलकम, वेलकम" करत दात काढायची.

रायपूरच्या उरला नावाच्या कारखान्यायच्या भागात, एका वस्तीत संध्याकाळी एका संस्थेचा वर्ग भरतो, तिथं मी शिकवते. बाप रेल्वेत, म्हणून रायपुरातच वाढली. इंग्रजी बरी आली, म्हणून परदेशातून कोणी सेवा करायले आलं की दुभाषी मीच. त्या वर्षी दोघी आल्या, महिनाभरासाठी. आल्या आल्या फळ्यावरचं गणित पुसलं अन् तिथं फुलपाखरू काढलं. कप्पाळ माझं! पोरायले भागाकार येत नाही, अन् ह्या नाच शिकवून राहिल्या. शहरातल्या सदर बाजारातून पैंजण आणले होते, ते घालून दिवसभर छुमछुम.

संस्थेचे सर म्हणायचे, "मॅडम, पाहुणे आहेत. त्यायले वाईट वाटू देऊ नका." ते काम मी इमानानं केलं. पोरगं म्हणे, भूक लागली. मी इंग्रजीत सांगे, तो फार खूश आहे. हळूहळू सवयच लागली.

वर्गात पाचवीतली एक पोट्टी होती. आई मिलमध्ये झाडू मारायची. पोट्टीचं डोकं गणितात असं चाले की कधी कधी मीच अडखळे. तिले सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेले बसवायचं मी ठरवलं होतं. नंबर लागला तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं फुकट. पण ही परीक्षा पाचवीतच देता येते, आयुष्यात एकदाच. तिचा रहिवासी दाखला हाती आला तो फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी, अन् साइट संध्याकाळी सहालेच बंद होणार होती. ऑनलाइन भरून देणाऱ्या दुकानात तिले घेऊन मीच जाणार होती.

नेमका तोच पाहुण्यांच्या निरोपाचा दिवस. नाचाचा व्हिडिओ काढून राहिल्या होत्या अन् पोट्टी पुढच्या रांगेत. पाच वाजले. ती कागदांची पिशवी छातीशी धरून मधूनच निघून आली.

"दीदी, इनको बोलो ना, मेरा फॉर्म भरना है. हमको जाने दें."

"काय म्हणते ही?" दोघींतल्या एका गोरीनं विचारलं. सर माझ्याकडं टक लावून पाहत होते. मी हसली अन् इंग्रजीत म्हणाली, "तिले तुमच्यासोबत नाचायले फार आवडते. अजून एकदा म्हणते."

गोरीनं तिले मिठी मारली अन् गाणं पुन्हा लावलं. मी मनाशी म्हटलं, दहा मिनिटांनी काय होते? मग केक झाला, फोटो झाले. आम्ही दुकानात पोचलो तेव्हा दुकानदार म्हणाला, "साइट बंद हो गई, मैडम."

तिच्या आईले मी सांगितलं, त्या गोऱ्यायमुळं राहिलं. संस्थेत, घरी, शेजारी, सगळ्यायले तेच सांगितलं. शिव्या घालताना जीभ अजिबात अडखळली नाही.

चार महिन्यांनी वर्गात त्याच गोरीचा व्हिडिओ कॉल आला. "माझी डान्सर कुठं आहे?" मी पोट्टीले फोनसमोर उभं केलं. ती पडद्याकडं नाही, माझ्याकडं पाहून बोलली.

"दीदी, इसको बताओ कि मेरा फॉर्म छूट गया. और इस बार फॉर्म बोलना."

"इस बार मतलब?" मी विचारलं.

"उस दिन तुमने फॉर्म बोला ही नहीं. डांस बोला था. अंग्रेजी में भी तो फॉर्म को फॉर्म ही बोलते हैं."

म्हणजे तिले त्याच दिवसापासून ठाऊक होतं. आईजवळ मी गोऱ्यायच्या नावानं बोटं मोडत होती, तेव्हा ही बाजूलेच बसली होती. लाज वाटली, अन् खरं सांगते, त्या पोट्टीचाही राग आला.

फोनमधली गोरी हसून विचारत होती, "काय म्हणते? काय म्हणते ती?"

पोट्टी माझ्या तोंडाकडं पाहत उभी होती, तो एक शब्द येतो का म्हणून.